पांदानच्या वाफ्याची राखण

पांदानचा, त्या लांब सुगंधी पातींचा, वाफा स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीपासून सुरू होई आणि नदीकडच्या केळीच्या बनाअलीकडे संपे. सापुराने तो लेकीची सोयरीक ठरली तेव्हाच लावायला घेतला होता. लग्नात पाहुण्यांच्या हाती जो सुगंधी चुरा द्यायचा, तो आपल्याच अंगणातल्या पातींचा असावा, एवढी एकच हौस तिने मनाशी धरली होती. बाकी सारे लग्न गावाचेच होते. मांडव गावाचा, कढया मशिदीच्या, आणि रस्सा काक लोंगचा.

काक लोंग म्हणजे शेजारची जहारा. तिला काक लोंग, म्हणजे थोरली ताई, म्हणणारी सख्खी भावंडे केव्हाच काळाआड गेली होती; आता सारा गावच तिला त्या नावाने हाक मारी. तिने कलथा हाती घेतल्याशिवाय या काठावर लग्नाची चूल पेटत नसे.

मांजरेही बहुतेक तिचीच होती.

मांजर पाक, म्हणजे शुद्ध, त्याने तोंड लावलेल्या पाण्याने नमाजाआधीची वुजू केली, हातपाय धुतले, तरी चालते, हे सापुरा लहानपणापासून ऐकत आली होती. पण मांजराची घाण पाक नव्हे. आणि रोज सकाळी तिचा वाफा उकरलेला असे, मऊ माती इतस्ततः फेकलेली असे, पातींच्या बुडाशी नको तो दर्प असे. त्या पाती उद्या कुणाच्या ओंजळीत कशा घालायच्या?

तिने गावाच्या रीतीप्रमाणे पाण्याने भरलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या वाफ्याभोवती मांडल्या. उन्हात त्या चमकतात आणि मांजरे बिचकतात, असे सगळे सांगत. काक लोंगचा ठिपक्यांचा बोका तोम्पोक त्यांतल्याच एका बाटलीला पाठ टेकून ऊन खात बसू लागला. लिंबाच्या साली झाल्या, मिरचीची पूड झाली. मांजरावर दगड उचलणे तिच्या हातून घडणारे नव्हते. मग तिने कुणालाही न सांगता डांबरगोळ्या आणल्या आणि वाफ्याच्या कडेने, बी पेरावे तशा, पेरल्या.

लग्नाच्या आदल्या सकाळी काक लोंग कुंपणाशी आली. हातात भात कालवलेली ताटली होती.

"पुरा, आमचा तोम्पोक दिसला का गं तुला? कालपासून ताटलीला शिवला नाही. उपास करणाऱ्यातला नाही तो."

"येईल, काक लोंग. गेला असेल कुठे बायको बघायला."

"या वयात? त्याला पायऱ्या चढवत नाहीत, बायको कुठली."

ती ताटली वाजवत पुढे गेली. सापुरा वाफ्यापाशी आली आणि थबकली. कडेचा एक खळगा उघडा पडला होता. आत गोळी नव्हती.

खळगा तो केवढा, बोटाच्या पेराएवढा. पण तिला वाटले, आपले सारे घर, त्यातला रंगवलेला दिवाणखाना आणि शिवलेले कपडे, हळूहळू त्यातच उतरते आहे. एक मुके जनावर कुठल्यातरी झुडपाआड कुशीवर पडले असेल, आणि त्याच्या जिभेवर आपण ठेवलेला मृत्यू असेल. तिने उरलेल्या गोळ्या उकरून काढल्या, डब्यात बंद केल्या, हात साबणाने पुन्हा पुन्हा धुतले. वास गेला नाही.

दुपारी बायका मांडवात पाती चिरायला जमल्या. स्वच्छ धुतलेले पांदान हिरव्या राशींनी पडले होते, शेजारी गुलाब आणि मोगरा. शिजत्या तांदळासारखा तो मऊ सुगंध सगळ्यांच्या बोटांना लागला होता.

"जरा बारीक चीर, एबोन," कुणीतरी सापुराच्या जावेला म्हणाले. "पाहुणे भाजी समजून खातील."

"तुझ्या लग्नात खाल्लीच होती," एबोन मान वर न करता म्हणाली. "रस्सा कुठे पुरला होता?"

"माझ्या रश्शाला नाव ठेवू नकोस," काक लोंग म्हणाली. "तुझाच नवरा पातेल्यापाशी मुक्काम ठोकून होता."

हशा पिकला. काक लोंगही हसली, पण तिचे डोळे कुंपणाकडे होते. ती सापुराच्या शेजारी येऊन बसली, आणि गुलाबाच्या नि पांदानच्या मधून तो दुसरा वास उठला. डांबरगोळीचा. सापुराने हात पदराखाली ओढून घेतले. जणू अपराधालाच वास असतो, आणि तो नेमका ज्याचे बिघडवले त्याच्या शेजारी दरवळतो.

आता हे सहन होणार नव्हते. संध्याकाळी राबणाऱ्यांच्या जेवणासाठी दोघी मागच्या पायरीवर मासे साफ करायला बसल्या, तेव्हा ती म्हणाली, "काक लोंग, मी वाफ्यात डांबरगोळ्या पुरल्या होत्या. मांजरांसाठी. त्यातली एक नाहीशी झाली आहे."

सुरी थांबली. खवल्यांवरून पाणी ओघळत राहिले.

"मातीनं माखलेली? पांढरी?"

"हो."

काक लोंगने आपली बाही तिच्या नाकाशी धरली. "वास घे."

सापुराने घेतला. तोच वास होता.

"परवा तो गाढव ती गोळी पंजानं टोलवत माझ्या पायरीपर्यंत घेऊन आला. मला वाटलं, माझ्याच कपाटातून पडली. धुतली आणि ठेवली कपड्यांत. सून सकाळपासून नाक मुरडतेय."

सापुराच्या छातीवरून काहीतरी उठून गेले, पाणवठ्यावरून बगळा उठावा तसे. ती हसू लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

"हसू नकोस. गिळली असती तर?"

"तर उद्या तुम्ही..."

"उद्याचा रस्सा केलाच असता. लेक काय तुझी एकटीची आहे? पण तुझ्याशी बोलले नसते."

"किती दिवस?"

"मरेपर्यंत. म्हणजे फार नाही." काक लोंगने पुन्हा सुरी उचलली. "पण मग तो गेला कुठे?"

मासे धुतलेल्या पाण्याचे घमेले उचलून सापुरा सवयीने वाफ्याकडे वळली. या पाण्याने पाती तरारतात, हे तिला आईने शिकवले होते, आणि आईला तिच्या आईने. पाणी मातीत शिरले न शिरले तोच कुंपणाखालून तोम्पोक आला. पाठ काजळीने माखलेली, चालणे सावकाश. मशिदीमागच्या खोलीतून पुरुषांनी नुकत्याच कढया बाहेर काढल्या होत्या. कालपासून बंद असलेल्या त्या दारामागेच स्वारी अडकली असणार. त्याच्यामागून दुसरी दोन आली. तिघांनी बाटल्यांच्या ओळीतून नीट वाट काढली आणि ओल्या मातीला नाक लावले.

काक लोंगने पाहिले. बोक्याकडे, मग घमेल्याकडे.

"हे पाणी रोज घालतेस?"

"रोज. याच वेळेला."

"मग बाटल्या कशाला मांडल्यास, पुरा? चटया अंथरायच्या तेवढ्या राहिल्यात."

सापुरा पायरीवर बसली. इतक्या दिवसांची ती चिडचिड, त्या साली, ती पूड, ते चोरून आणलेले विष. आणि पंगतीचे आमंत्रण रोज संध्याकाळी तिच्याच हातून जात होते. शरमेपेक्षा तिला मन हलके झाल्यासारखेच अधिक वाटले. उरलेले पाणी तिने केळीच्या बनात, अगदी नदीच्या टोकाला नेऊन ओतले. तिन्ही मांजरे शेपट्या उभारून, वरातीसारखी, मागोमाग गेली. मग तिने वाफ्यावर आडातले साधे पाणी पुन्हा पुन्हा शिंपले, वास मुरून जाईपर्यंत.

पहाटे उठून ती प्रथम तिथेच गेली. माती तशीच होती, न उकरलेली, तिच्यावर केवळ दव.

दुपारी चुऱ्याची पुडी हाती घेऊन वराच्या आत्याने डोळे मिटून वास घेतला. "पांदान. गुलाब. मोगरा. आणि आणखी काहीतरी आहे."

"कपाट," कढईपाशी घामेजलेली काक लोंग म्हणाली, आणि रश्शात कलथा फिरवत राहिली.