होडीची सवत

मी एक जुनी होडी आहे. मित्रांनो, होडी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे शिडं आणि गाणी आली असतील तर ती बाजूला ठेवा. मी न्यूफाउंडलंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावची, कॉड मासा धरणारी, डांबराचा वास मारणारी होडी आहे आणि मला सवत आहे. हे आधीच सांगून टाकलं म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल.

मला चेस्ली काकांनी बांधलं. त्यांनी भर हिवाळ्यात बर्फावरून लाकूड ओढून आणलं. माझ्या बरगड्यांसाठी त्यांनी सरळ लाकूड वाकवलं नाही, तर मुळापाशी जन्मतःच वाकलेली झाडं शोधून काढली. "वाकवलेलं लाकूड कधी ना कधी सरळ व्हायला बघतं. जन्माचं वाकडं असलं की ते इमानी," असं ते म्हणत. माझा स्वभाव कुठून आला हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

मी त्यांच्या पुतण्याच्या, गार्लंडच्या वाट्याला आले. तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटत होतं. आम्ही दोघांनी धुकं खाल्लं, लाटा खाल्ल्या. कधी मी काठोकाठ माशांनी भरून परत यायचे, तेव्हा धक्क्यावरचे लोक म्हणायचे, "होडी असावी तर अशी!" घरी तो मुखदुर्बळ, पण माझ्यात बसला की बोलायला लागायचा. पुढे समुद्रातले कॉड संपत आले आणि सरकारने मासेमारी बंद केली. गाव ओस पडलं. गार्लंडसुद्धा दूर अल्बर्टात तेलाच्या कामावर गेला. पण सुट्टीत आला की आधी माझ्याकडे यायचा, मग घरी. त्याची आई दारातून ओरडायची, "अरे, ती होडी वाढणार आहे का तुला जेवायला?" मला तेव्हा जो आनंद व्हायचा, तो काय सांगू!

तो परत येऊन गावात स्थिरावला आणि मग मारिविक आली. खेकड्याच्या कारखान्याला गावात माणसं मिळेनात, म्हणून फिलिपिन्सहून मुली आणल्या, त्यांतली ती एक. उंचीने माझ्या वल्ह्याहून कमी, पण हसली की अख्खा धक्का वळून बघायचा. गार्लंड तोवर पन्नाशीला टेकला होता. मला वाटलं होतं, आता याचं काही होत नाही. पण झालं. घोडनवरा म्हणून गावाने त्याची यथेच्छ चेष्टा केली आणि लग्नात सगळे पोटभर जेवले.

हिवाळ्यात मी ज्या शेडमध्ये आडवी व्हायचे, तिथे त्या वर्षी दिवे लागले आणि कुंड्या आल्या. तिच्या मिरच्या, तिचं कसलंसं लिंबू! मी बाहेर, ताडपत्रीखाली. बर्फ मला आणि ऊब मिरच्यांना. मित्रांनो, मी जळले. ओलं लाकूड जळत नाही असं म्हणतात, ते खोटं आहे.

पुढे कारखाना बंद पडला. मारिविकचा परवाना त्या कामापुरताच होता. तेव्हा गार्लंडने नवरा म्हणून तिची हमी घ्यायची आणि तिने इथेच राहून कायम राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करायचा, असं ठरलं. टपाल कचेरी सांभाळणाऱ्या बर्निस मावशी अशा कामांत तरबेज. एका दुपारी त्या धक्क्यावर, माझ्याच काठाला टेकून, दोघांना समजावत होत्या.

"तुमचा संसार खरा आहे हे साहेबाला पटायला हवं. फोटो आणलेस का?"

गार्लंडने बुटांचं खोकं पुढे केलं. मावशींनी एक फोटो बघितला, दुसरा बघितला आणि कपाळावर हात मारला. "अरे लेका, सगळ्या फोटोंत ही होडीच! हे पाठवलंस तर साहेब म्हणेल, होडीलाच देऊन टाका कायमचा परवाना."

मी मनात म्हटलं, द्या की! नाही कोण म्हणतंय?

मग मावशी मारिविककडे वळल्या. "आणि पोरी, नीट ऐक. तू देशात राहून अर्ज करते आहेस. निकाल येईपर्यंत बाहेर पाऊल टाकायचं नाही. बाहेर गेलीस आणि परत येताना त्यांनी आत घेतलं नाही, तर अर्जही गेला आणि नवराही गेला."

हे ऐकून माझ्या फळ्याफळ्यांतून आनंद फिरला. बाहेर! एकदा ही बाहेर पडली की माझा गार्लंड पुन्हा माझा.

पण गार्लंडने तो नियम जपमाळेसारखा धरला. तो तिला घेऊन विमानतळाच्या वाटेनेसुद्धा जाईना. तिकडे फिलिपिन्सला, तिच्या गावी इलोइलोला बहिणीचं लग्न झालं, तरी मारिविक गेली नाही. त्या दिवशी ती माझ्यात येऊन बसली आणि खूप रडली. मलाही वाईट वाटलं, पण थोडा वेळच. मग मला ताडपत्री आठवली.

आता एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या किनाऱ्यावरून समोर सेंट पिएर दिसतं. ते बेट फ्रान्सचं आहे. पण आमच्याकडे त्याला कुणी फ्रान्स म्हणत नाही, 'पलीकडे' म्हणतात. पलीकडे पाव चांगला मिळतो, पलीकडे वाइन स्वस्त आहे, निम्म्या गावाची सोयरीक पलीकडे आहे. आमच्या गावाला परदेश म्हणजे टोरोंटो.

उन्हाळ्यातल्या एका रविवारी समुद्र तळ्यासारखा शांत होता. चेस्ली काका म्हणाले, "गार्ल, माझी भाची एकदा डोळ्यांनी बघावी म्हणतो. पलीकडे जाऊन येऊ. चल गं पोरी, तूही चल, जेवूनच परतू."

आणि विमानतळाला भिणाऱ्या त्या माणसाने बायकोसाठी माझ्या फळीवर स्वतःच्या हाताने उशी ठेवली! तिला वाटलं, जवळपासचंच एखादं बेट असेल, तिच्या देशात असतात तसं. मला मात्र सगळं ठाऊक होतं. त्या दिवशी मी जशी पळाले, तशी तरुणपणीही पळाले नव्हते.

अर्धी वाट सरली. काका मारिविकला शिकवू लागले. "तिथं पोचल्यावर बोंझूर म्हणायचं. इंग्रजी बोललीस तर तोंड वाकडं करतात."

ती हसली. "का हो काका? ते कोण एवढे मोठे?"

"फ्रेंच ना ते! दुकानदार फ्रान्सचे, पोलीस फ्रान्सचे, पाव फ्रान्सचा."

"फ्रान्सचे म्हणजे," तिने हळूच विचारलं, "खऱ्या फ्रान्सचे?"

सुकाणू धरून बसलेला गार्लंड ताडकन उभा राहिला. त्याचा चेहरा माशाच्या पोटासारखा पांढरा पडला. "अरे देवा," तो म्हणाला, "मी हिला देशाबाहेर घेऊन चाललोय!" घाबरून त्याने इंजिन एकदम बंद केलं आणि मग ते काही केल्या सुरू होईना. तेवढ्यात पूर्वेचा वारा सुटला आणि आम्हाला पलीकडे ढकलू लागला. बेटावरची घरं दिसायला लागली. तुम्हाला खरं सांगते, मी अगदी सैल अंग सोडून वाऱ्यावर पडून राहिले होते.

मारिविक म्हणाली, "मला परत येऊ दिलं नाही तर?"

"तर मीही येतो तुझ्याबरोबर. इलोइलोला समुद्र आहे ना?"

"आहे की."

"मग झालं तर."

काकांनी विचारलं, "आणि ही होडी रे?"

"होडीचं काय घेऊन बसलात काका! इथं मी बायको घालवायला निघालोय. लाकूडच ते. घाला तुमच्या चुलीत."

मित्रांनो, वादळात माझी फळी फुटली होती तेव्हाही एवढं दुखलं नव्हतं. लाकूड! पण त्या दुखण्यातच मला एक गोष्ट लख्ख दिसली. ही गेली की तो माझा होणार नव्हता. ही गेली की तोही जाणार होता.

गार्लंडने वल्ही काढली. काकांच्या हातांत आता जोर नव्हता. तेव्हा मारिविकने चपला भिरकावल्या, पुढच्या फळीवर बसून दुसरी जोडी घेतली आणि कोळ्याच्या पोरीने ओढावी तशी ओढली, कारण ती कोळ्याचीच पोर होती. माझ्या काठावर थाप मारून ती म्हणाली, "चल गं बाई, चल घरी."

ही कोण मला बाई म्हणणारी! माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण मी निघाले. वाऱ्याच्या तोंडावर नाळ, म्हणजे माझं पुढचं टोक, धरली, एकही लाट आडवी घेतली नाही. दोघांचे हात सोलवटून निघाले. संध्याकाळी आमच्याच धक्क्याला लागलो, तेव्हा पलीकडच्या जमिनीला कुणाचं बोटही लागलेलं नव्हतं. बर्निस मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि गार्लंडला म्हणाल्या, "जग बघून आलास आणि तुला समोरचा फ्रान्स दिसला नाही होय रे, गाढवा?"

पानगळीत परवाना आला. मारिविक आता कायमची इथली झाली. तिला सरकारी शिक्का मिळाला, पण तिला घरी आणलं मी. लोक स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात, मी सवतच पोटात घालून आणली.

तेव्हा मित्रांनो, एवढं ऐका. घरात नवं माणूस आलं म्हणून जुन्याला ताडपत्रीखाली ढकलू नका, त्यालाही थंडी वाजते. आणि तुम्हीच जुने असाल, तर ज्याच्यावर तुमचा जीव आहे त्याचा जीव कुणात अडकलाय, ते आधी बघा आणि त्या माणसाला सांभाळा. प्रेम नसलं तरी चालतं. मारिविकवर माझं नाही, आजही नाही. पण ती माझ्यात बसलेली असताना मी पाण्याचा एक थेंब आत येऊ देत नाही.