आधीच चमकून गेलेला

आमच्या साहेबांना आम्ही पाठीमागे खोडरबर म्हणतो. क्वेसारची यादी करायची आम्ही, आणि त्यातले खोडायचे त्यांनी.

क्वेसार म्हणजे फार लांबचा, फार तेजस्वी ठिपका. वाटेत एखादी जड दीर्घिका आली की उजेड तिच्या दोन्ही बाजूंनी वाकून येतो आणि एकाचे दोन दिसतात. एका वाटेचा उजेड आधी पोचतो, दुसरीचा मागून. किती मागून, ते कळलं की विश्व किती वेगाने पसरतंय ते काढता येतं. म्हणून यादीत एकाचेच दोन झालेले हवेत. शेजारी शेजारी बसलेले दोन उपरे चालत नाहीत.

माझ्या एकशे बारा नंबरमागे मी तीन वर्षं हात धुऊन लागले होते. मार्चमध्ये त्याचा डावा ठिपका उजळला. गणिताने फरक निघत होता पन्नासेक दिवसांचा. आधी कोण, ते मात्र मीच ठरवून टाकलं होतं: जास्त तेजस्वी डावा, म्हणून तो पुढे. म्हणजे आता उजव्याची पाळी. सत्तर दिवस झाले तरी पठ्ठ्या ढिम्म.

"हे दोघं वेगळे दिसतायत," खोडरबर म्हणाले. "आज यादी बंद होतेय. काढून टाका."

"संध्याकाळपर्यंत थांबा ना."

"संध्याकाळी काय वेगळं उजाडणार आहे?"

मला रडू यायला लागलं, आणि रडू आलं की मला स्वतःचाच राग येतो. तेवढ्यात आईचा फोन. धाकट्या मामाने लग्न ठरवलंय, पंचावन्नाव्या वर्षी! मी सगळं विसरून ताईला फोन लावला.

"मला रविवारीच कळलंय," ताई म्हणाली. "आई आधी मला सांगते. तुझ्यापर्यंत बातमी आली की ती ताजी, असं तुला लहानपणापासून वाटतं."

मी फोन टेबलावर ठेवला. डावा आधीचा, हे मला कुणी सांगितलं होतं?

जानेवारीतल्या नोंदी मीच ढगाळ म्हणून 'खराब'मध्ये टाकल्या होत्या. पण ढग तर दोघांवर सारखाच, एकाची दुसऱ्याशी तुलना करायला कुठे अडतंय? केली. उजवा जानेवारीतच चमकून मोकळा झाला होता, आणि मी मार्चपासून त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसले होते. त्याचा चढउतार डाव्याच्या चढउतारावर ठेवला, तंतोतंत बसला.

खोडरबर माझ्या टेबलाशी आले, आलेख दोनदा पाहिला. "राहू दे यादीत," म्हणाले. "क्रम तेवढा बदला. आणि तो खराबचा ढीग सगळा पुन्हा उपसा."

ते गेल्यावर फोन उचलला. मी तो बंद करायलाच विसरले होते. ताईने मात्र सगळं ऐकून नुकताच ठेवला होता.

मी आईला लावला. "आई, माझा क्वेसार यादीत राहिला."

"कळलं गं. ताईने आत्ताच सांगितलं."

माझं तोंड एवढंसं झालं.

"पण तू सांग ना," आई म्हणाली. "तिचं ऐकून झालं, आता तुझं ऐकते. पहिल्यापासून सांग."