तुटक्या फोडींचा डबा

किती घरांत चांगल्या वस्तू पाहुण्यांची वाट बघत फळीवर बसलेल्या असतात, तुम्हीच सांगा! या घरात तशा नासपतीच्या बरण्या होत्या. पाकातली नासपती दरवर्षी घरीच व्हायची. सासरे फळं सोलून फोडी करायचे, सून साखरेचा पाक करून त्यात लिंबू पिळायची. अख्ख्या, देखण्या फोडी काचेच्या बरण्यांत, पाहुण्यांसाठी. तुटक्या फोडी स्टीलच्या डब्यात, घरच्यांसाठी. नियम म्हणजे नियम!

यंदा मात्र निम्म्याहून जास्त फोडी तुटल्या.

"बाबा, आता सुरी ठेवा," सून वैतागून म्हणाली. "तुमचा हात थरथरायला लागलाय. पुढच्या वर्षी मी एकटीच करीन."

बाबांचा चेहरा पडला. शिवणकामाचं दुकान बंद केल्यापासून त्यांच्या हाताला घरात एवढंच काम उरलं होतं. त्यांनी सुरी पुसून ठेवली.

तेवढ्यात नातीच्या फ्रॉकचं बटण निघालं. बाबांनी चष्मा नाकावर ओढला आणि सुईत दोरा ओवला, पहिल्याच झटक्यात! सून बघतच राहिली.

"बाबा, खरं सांगा. कुठे थरथरतोय हात?"

नात खुदकन हसली. "आई, आजोबा फोडी मुद्दाम मोडतात!"

"घ्या! फितूर झाली," बाबा ओशाळून म्हणाले. "अगं, गेल्या वर्षी डबा आठ दिवसांत संपला. ही पोर महिनाभर बरणीकडे बघत जेवली. पाहुणे आले ते 'गोड नको' म्हणत वाटी सरकवून गेले. पाहुण्यांना जरूर दे, पण राबतात घरचे, आजारपणात उशाशी बसतात घरचे. त्यांनाच नेहमी मोडकंतोडकं का?"

सुनेचे डोळे भरून आले. ती दवाखान्यात होती तेव्हा लेकीच्या वेण्या याच हातांनी घातल्या होत्या. आणि त्याच हातांना आपण नावं ठेवली!

ती स्टुलावर चढली, बरणी काढली आणि पहिली अख्खी फोड बाबांच्या वाटीत वाढली.

"बाबा, तुम्ही या घरासाठी केलंत तेवढं कोण करतं? मी कधी बोललेच नाही. आणि सुरी तुमचीच हं!"

"आता खाऊ देतेस, की रडवतेस?" बाबा म्हणाले आणि पाकासकट वाटी चाटूनपुसून संपवली.

मंडळी, पाहुण्यांचा मान ठेवाच, पण आपल्यासाठी झिजणाऱ्यांना उरलेलं वाढू नका. त्यांचे आभार मानायला कसला मुहूर्त हवा?

पुढच्या वर्षी बाबांच्या हातून एकही फोड तुटली नाही.