दीपमालाची घासाघीस

फुलबाजारात मी कुणालाही चकवतो. खऱ्या गुलाबांत एक प्लास्टिकचा खुपसून ठेवायचा, गिऱ्हाईक डोळे मिटून वास घेतं, मी खिदळतो. फसत नाय ती फक्त माझी भाची, दीपमाला. "मामा, हा प्लास्टिकचा आहे." एवढंच. हसत पण नाय. पंधरा वर्षांची पोर. स्वमग्न आहे, असं तिच्या शाळेतल्या पल्लवी मॅडम सांगतात.

तिची आई छाया, म्हणजे माझी धाकटी बहीण, शेजारीच झेंडू विकते. पण पोरीला बाजारात आणायची सोय नव्हती. गिऱ्हाईकानं भाव पाडायला आवाज चढवला, की हिला वाटायचं भांडण पेटलं. कान दाबून किंचाळायची. मग शाळेतून आली, की छाया तिला घरात ठेवून बाहेरून कुलूप लावायची, अन् संध्याकाळपर्यंत कमरेची किल्ली चाचपत बसायची.

दोन हजार चारच्या पावसाळ्यानंतर मॅडमनी एक गोष्ट लिहून दिली. आमचेच फोटो चिकटवलेली. 'गिऱ्हाईक भाव विचारतं. आई सांगते. गिऱ्हाईक म्हणतं, कमी करा. दोघं मोठ्यानं बोलतात. हे भांडण नाही. मग गिऱ्हाईक फुलं घेऊन जातं.' रोज बाजाराला निघताना तिला वाचून दाखवायची.

"मॅडम, ही कसली गोष्ट? ना राजा, ना राक्षस!"

"राक्षसाच्या जागी तुमचा फोटो लावलाय की."

बाई पक्की निघाली.

पण पोर झेंडूच्या पाटीशेजारी बसायला लागली, कान उघडे ठेवून! छाया खूश. मॅडमच खूश नाहीत.

"गोष्टीनं झालं की नुसत्या सवयीनं? आठवडाभर गोष्ट बंद ठेवू. परत ओरडली, तर गोष्टीचा गुण म्हणायचा."

छाया भडकली. "म्हंजे माझी पोर ओरडली की तुम्ही पास? चालत्या गाडीचं चाक काढून बघता व्हय?"

"ताई, बाकीच्या मुलांनाही द्यायचीय. कुणाला लागू पडते, कुणाला नाही. खात्री नको?"

कुरकुरत बंद केली. पोर शांतच!

"मग गोष्टीचा गुण नाय?" मी विचारलं.

"असेलही. गोष्ट आत मुरली असेल."

"आणि नुसती सवय असली तर?"

"तरी असंच दिसेल."

इतकी वर्षं मी लोकांना गंडवतोय, पण मला असं कुणी गंडवलं नव्हतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी छाया दारात कुलूप घेऊन उभी. "दादा, आज लय गर्दी. नको न्यायला."

"आण गं. किंचाळली तर मी पण किंचाळतो, लोकांना वाटेल भाव ओरडतोय."

आली. मॅडमपण बघायला आल्या. दुपारी एक साहेब स्कूटरवरून उतरले, भाव विचारला, मुकाट पैसे काढले. दीपमालानं फुलांची पिशवी हातातून सोडलीच नाय.

"कमी करा म्हणा."

"अगं, पटला मला भाव."

"म्हणा!" तिचे हात कानाकडे निघाले. छायाचा हात किल्लीकडे.

मी म्हटलं, "साहेब, म्हणून टाका, सुटाल."

"बरं. कमी करा."

"मोठ्यानं."

साहेबांनी इकडंतिकडं बघितलं, अन् लाजत लाजत ओरडले, "कमी करा!"

"नाही होत!" दीपमाला त्यांच्याहून मोठ्यानं ओरडली. मग शांतपणे म्हणाली, "हे भांडण नाही," आणि पिशवी दिली. हात खाली.

"म्हंजे लागली ना गोष्ट?" छायानं विचारलं.

"जरा जास्तच लागली," मॅडम कपाळाला हात लावून म्हणाल्या. "माझंच चुकलं. 'काही गिऱ्हाइकं भाव करत नाहीत' हे लिहायला हवं होतं."

"मग पुरावा मिळाला का नाय?" मी.

"एका मुलीचा. तोही अर्धामुर्धा."

मला अजून कळलेलं नाय. छायानं मात्र कळायची वाट बघितली नाय. संध्याकाळी आपल्या पिशवीतून घरचं कुलूप काढलं, कमरेची किल्ली त्याला लावली, अन् माझ्यापुढं ठेवलं. "दादा, तुझ्या दुकानाच्या खोक्याला घे. मॅडमचं ठरेल तवा ठरेल."

मी उचलायला गेलो, तर दीपमालानं कुलपावर हात ठेवला.

"मामा, कमी करा म्हण."

"अगं, फुकट देतीय ती!"

"म्हण."