सुपारीच्या जागी

धैर्यवानांच्या घरात धैर्य होतं ते एकट्या यशोदाआत्याकडे. तिचा भाऊ अप्पा जन्मभर कोर्टात कारकुनी करून पेन्शनीत निघालेला, पण बहिणीला विचारल्याशिवाय त्याला शिंकसुद्धा यायची नाही. आली तर अर्ध्यावर परत जायची. उर्मिला ही अप्पाची एकुलती एक मुलगी. आई लहानपणीच गेलेली, म्हणून आत्याच्या हाताखाली वाढलेली. अशा घरातली पोर वर्षभर लंडनच्या युनिव्हर्सिटीत शिकायला जाणार म्हटल्यावर गिरगावातल्या त्या बोळात धूमकेतू उतरल्यासारखं झालं. लोक दाराशी येऊन तिला बघून जात. एक बाई तर आपलं तान्हं पोर तिच्या पायावर घालून गेली, म्हणे ह्याचंही इंग्रजी सुधारू दे.

अप्पाने अट एकच घातली होती. "आत्याच्या मनाविरुद्ध पाऊल टाकायचं नाही. ती थांब म्हणाली की थांबायचं." उर्मिलेने शब्द दिला. विलायतेला जायला मिळतंय म्हटल्यावर तिने कुठलाही शब्द दिला असता.

मग आत्याने पंचांग उघडलं. बोट सुटायची होती नेमकी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी.

"लक्ष्मीपूजनाला घरातली लेक बाहेर काढतं का कोणी?" आत्या म्हणाली. "त्याच्या चार दिवस आधी मुहूर्त चांगला आहे. तेव्हा प्रस्थान ठेवू."

प्रस्थान म्हणजे जुनी युक्ती. मुहूर्त एका दिवशी आणि गाडी दुसऱ्या दिवशी, असं झालं की मुहूर्तावर एक सुपारी, नारळ, अंगावरचं एखादं वस्त्र शेजारच्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे माणूस त्या घडीलाच निघालं, असं देवाच्या वहीत लागतं. मग सवडीने, शेजाऱ्याकडून ते सामान उचलून पुढे जायचं. उर्मिलेला वाटलं, सुपारी जाईल, आपण दिवाळी घरी करू.

पण आत्याचा सुपारीवर विश्वास नव्हता. "आमच्या भाऊकाकांचा नारळ असाच शेजारी ठेवला होता. शेजारणीने तो कालवणात घातला. काका काशीला निघाले आणि कल्याणहून परत आले. पुढे मरेपर्यंत त्यांना कल्याणच्या पलीकडे जाता आलं नाही. दहा वेळा तिकीट काढलं, दहा वेळा कल्याणला पोट बिघडलं. ते काही नाही. माणूसच ठेवायचं."

"आत्या, माणूस कसं ठेवणार?"

"सुपारी कशी ठेवतात? तसंच."

म्हणून ठरलेल्या सकाळी उर्मिलेच्या हातावर दही पडलं, अप्पाने डोळे पुसले, आणि ट्रंकेसकट तिला बोळ ओलांडून समोरच्या चाळीत टिल्लूंच्या घरी नेऊन ठेवलं. बोळ एवढा अरुंद, की पहिल्या मजल्यावरून हात लांबवला तर समोरच्या घरातल्या बरणीतलं लोणचं काढता यावं. आत्याने नियम सांगितले. प्रस्थान ठेवलेली वस्तू निघेपर्यंत जागची हलवायची नाही. आणि मुख्य म्हणजे, आपल्या घरचा उंबरा पुन्हा चढायचा नाही. चढलं की प्रस्थान मोडलं, प्रवास संपला.

"चार दिवस तर आहेत," उर्मिला पद्मजाकाकूंना म्हणाली.

"घर तुझंच आहे," पद्मजाकाकू टिल्लू म्हणाल्या, आणि तिच्या हातात निवडायला मेथी दिली.

तिसऱ्या दिवशी तिकडे सुवेझच्या कालव्यावर बॉम्ब पडले. कालवा बंद झाला. बोट रद्द. कंपनी म्हणाली, आता बोटी आफ्रिकेला वळसा घालून जाणार, जागा मिळेल तेव्हा कळवू. सगळ्या जगाला त्या लढाईचा त्रास झाला म्हणतात, पण तिचा खरा मार बसला तो गिरगावात टिल्लूंच्या खिडकीशी बसलेल्या उर्मिलेला.

दिवाळी तिने तिथूनच पाहिली. समोर स्वतःच्या घरचा कंदील लागला, तोही वाकडा, कारण दरवर्षी तो तीच सरळ करायची. टिल्लू पडले शुद्ध शाकाहारी. इथे पडवळ, आणि समोरून भाऊबीजेला कोलंबीच्या भानोल्याचा वास असा काही सुटला, की बोळातली मांजरं धैर्यवानांच्या दाराशी रांग लावून बसली. रांगेत उभं राहायची सोय नव्हती ती फक्त उर्मिलेला.

"आत्या," ती खिडकीतून म्हणाली, "मी खाली जाऊन जरा चौपाटीपर्यंत फिरून येते."

समोर आत्या पापड वाळत घालत होती. "सुपारी कधी चौपाटीला जाते का?"

"मग निदान डॉक्टरांकडे. पाय दुखतात बसून बसून."

"डॉक्टरला वर बोलावू. आणि खिडकीतून आत हो. सुपारी खिडकीत बसत नाही."

अप्पा आत्याच्या मागे उभा होता. त्याने हात वर केला, हलवावा की नाही ते बहिणीकडे बघून ठरवलं, आणि डोकं खाजवलं.

दिवस लोंबकळायला लागले. उर्मिलेला त्या दोन खोल्यांतली प्रत्येक फरशी पाठ झाली. खिडकीशी ती इतकी निश्चल बसायची, की एका कावळ्याने तिच्या अंबाड्यावर दोन काड्या आणून ठेवल्या आणि तिसरी आणायला गेला, असं खालचे लोक शपथेवर सांगत. तिने लंडनच्या नकाशावर रस्ते वाचले. ट्रंक उघडली, लोकरी कोट घातला, घामाघूम झाली, काढून ठेवला. कॉलेजचं उत्तर आलं, जानेवारी संपायच्या आत आलात तर ठीक, नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ. म्हणजे आफ्रिकेचा वळसा धरून नाताळाच्या आधीची एक बोट काय ती उरली. तिच्यावरची जागा पक्की झाल्याचंही कळलं. आता फक्त टिकून राहायचं होतं.

पण टिकून राहिलेल्या माणसाला लोक वापरायला घेतात. पद्मजाकाकूंनी आधी मेथी दिली होती, मग कणीक दिली, मग पाणी भरायची पाळी. एक दिवस किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेला खोचला आणि म्हणाल्या, "राहू दे गं, शोभतोय."

त्यांचा मुलगा वसंत सेक्रेटरिएटमध्ये टायपिस्ट. संध्याकाळी संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना जायचा, तिथे त्याच्या घोषणेने म्हणे ट्रामची घंटा आपोआप वाजायची. घरी मात्र आमटी दुसऱ्यांदा मागायची तर आईच्या तोंडाकडे बघायचा. एका संध्याकाळी आई देवळात गेलेली पाहून तो उर्मिलेपाशी आला.

"तुम्हाला सांगायला हवं. आईने अप्पांना गाठलं काल."

"कशासाठी?"

"आपल्या दोघांसाठी."

उर्मिलेच्या हातातलं लाटणं थांबलं. "अप्पा काय म्हणाले?"

"आई म्हणाली, मुलगी आमच्याकडे आलीच आहे, दही देऊन पाठवलीत, बरोबर ट्रंक दिलीत. लोक सासरी पाठवतात ती ह्याहून वेगळी काय? बोट मिळाली तर जाईल, नाही मिळाली तर माघात उरकून टाकू."

"आणि अप्पा?"

"अप्पा म्हणाले, बरं."

"आणि तुम्ही?"

वसंत खाली बघत म्हणाला, "मी काही म्हणालो नाही. आमच्या घरी मला कोणी विचारत नाही. पण मुंबई आम्हाला मिळालीच पाहिजे असं मी रोज ओरडतो, ते मुंबईला विचारून थोडंच. तुमच्या बाबतीत तसं करायची इच्छा नाही."

उर्मिलेला हसू आलं आणि त्याच दमात रडूही. रात्री तिला वाटलं, आत्याला हेच हवं होतं. आत्याला कधीच तिला पाठवायचं नव्हतं. नाही म्हणायला वाईट वाटतं म्हणून तिने मुहूर्त शोधला, आणि मुहूर्ताच्या दोरीने तिला समोरच्या खुंटीला बांधून टाकलं. नजरेसमोर, हाताच्या अंतरावर, आणि पोरीनेच दिलेल्या शब्दाने. एवढी पक्की गाठ आत्याशिवाय कोणाला मारता आली असती?

बोटीचा दिवस उजाडला. दुपारच्या आत बॅलार्ड पियरवर पोचायचं होतं. सकाळीच उर्मिला कोट हातावर घेऊन ट्रंकेवर बसली, आणि वसंत टॅक्सी बघायला म्हणून गेला तो पाचव्या मिनिटाला धापा टाकत परत आला.

"बोळाचं तोंड बंद केलंय. कोणी मोठे पाहुणे त्या रस्त्याने जाणार, आमचे लोक काळे झेंडे घेऊन जमलेत, पोलिसांनी दोर बांधलेत. मुंगीला सोडत नाहीत. संध्याकाळपर्यंत नाही उघडणार."

बोळाला तोंड एकच. दुसऱ्या टोकाला भिंत.

पद्मजाकाकू देव्हाऱ्यापाशी बसूनच म्हणाल्या, "जाऊ दे. जे होतं ते बऱ्याकरता. कोट तिथेच खुंटीला लाव गं."

"एक वाट आहे," वसंत म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा आईसमोर त्याचा आवाज सभेतल्यासारखा लागला. "धैर्यवानांचं मागचं दार पलीकडच्या रस्त्यावर उघडतं. तिथे टॅक्सी मिळेल."

"आणि तिच्या घरात पाय ठेवल्यावर प्रस्थान मोडलं, त्याचं काय?" पद्मजाकाकू बाहेर आल्या. "तिच्या आत्यानेच सांगितलंय. मोडलं की प्रवास संपला. आणि प्रवास संपला की अप्पांनी मला दिलेला शब्द आहे."

उर्मिला जिना उतरली. इतक्या दिवसांत पाय एवढे विसरले होते, की शेवटच्या पायरीला जमीन कुठे आहे ते तिला चाचपावं लागलं. मागून वसंत डोक्यावर ट्रंक घेऊन. त्याच्या मागे पद्मजाकाकू, साक्षीला. बोळातल्या सगळ्या खिडक्या भरल्या. चार पावलांचा बोळ, पण तो ओलांडताना तिला आफ्रिकेला वळसा घातल्यासारखं झालं.

दारात यशोदाआत्या उभी होती. दोन्ही हात चौकटीला. उंबऱ्याच्या ह्या बाजूला उर्मिला थांबली. शब्द दिलेला होता. थांब म्हणाली तर थांबायचं.

आत्याने तिला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"कोण पाहिजे?" ती म्हणाली.

उर्मिलेला काही कळेना. आतून अप्पा खुर्चीतून उठला. "अगं यशोदे, ही आपली उर्—"

"आपली मुलगी दिवाळीच्या आधीच निघाली," आत्या मागे न बघता म्हणाली. "टिल्लूबाईंच्या देखत निघाली. काय हो टिल्लूबाई, प्रस्थान ठेवलं होतं ना आपण रीतसर? दही खाऊन गेली ना?"

"गेली खरी," पद्मजाकाकूंच्या तोंडून निघून गेलं. "पण ही—"

"ह्या बाई कोणी परक्या दिसतात. बोळ बंद झाल्यामुळे अडकल्यात बिचाऱ्या." आत्या उर्मिलेकडे वळली. "पलीकडच्या रस्त्याला जायचंय का हो तुम्हाला?"

"हो," उर्मिला म्हणाली.

"मग या. अडलेल्याला वाट देतो आम्ही. चपला हातात घ्या, आत्ताच पुसून घेतलंय. हा हमाल तुमचाच का?"

"हो," ट्रंकेखालून वसंत म्हणाला.

उर्मिला आपल्या घरात शिरली. ओट्यावर पातेलं उपडं होतं, तिच्या टेबलावर आत्याने पापडाचे डबे मांडले होते. भिंतीवर आईचा फोटो. तिचे हात जोडायला वर आले, आणि आत्या पाठीमागून हलकेच खाकरली. परक्या घरातल्या फोटोला कोण नमस्कार करतं. उर्मिलेने हात कोटाखाली घेतले.

अप्पा पाण्याचं भांडं घेऊन वाटेत उभा राहिला, पाहुण्यांसाठीचं, कपाटातलं. "बाई," तो म्हणाला, आणि भांडं पुढे केलं. "बाई, पाणी घ्या. ऊन आहे बाहेर."

ती पाणी प्यायली. भांडं परत देताना अप्पाने ते बोटांसकट धरलं. आत्या पुन्हा खाकरली. अप्पाने पाच बोटं एकेक करून सोडली.

मागच्या दाराची कडी आत्याला निघेना. ती कडी आधी वर उचलून मग ओढायची, हे त्या घरात सगळ्यांत चांगलं उर्मिलेलाच जमायचं. तिचा हात पुढे झाला.

"राहू द्या," आत्या म्हणाली. "तुम्हाला नाही जमायचं. तुम्हाला ह्या घराची सवय नाही."

तिने तीनदा ओढली. चौथ्यांदा कडी निघाली. रस्त्याचा आवाज आत आला.

"फार लांब जायचंय का बाई?"

"लंडनला."

"आमचीही एक आहे तिकडे," आत्या म्हणाली. "भेटलीच तर सांगा, तिची आत्या भलती खडूस होती. आणि कल्याणच्या पुढे पोचल्याचं कळवायला सांगा."

उर्मिला बाहेर पडली. प्रवासाला निघालेल्याने मागे वळून बघायचं नसतं, तेवढा नियम तिने मोडला. दार लागलेलं होतं. कडी घातल्याचा आवाजही आला होता. पण दाराखालच्या फटीत दोन पावलांची सावली होती आणि ती हलत नव्हती. एक पाऊल पुढे टाकलं असतं तर दार वाजवता आलं असतं. वाजवलं असतं तर आतून पुन्हा कोण पाहिजे म्हणून विचारलं गेलं असतं, आणि ह्या खेपेला तिला परकं होता आलं नसतं.

वसंताने ट्रंक खाली ठेवली आणि टॅक्सीला हात केला.