पाचव्या तारेची साक्ष

मित्रांनो, मी एक जुना मल्टिमीटर आहे. जुना म्हटलं की लोक मोडका समजतात. माझ्या पाठीला चिकटपट्टी आहे, एवढंच. पिवळी पेटी, एक तांबडी सुई, एक काळी. दोन सुयांच्या मध्ये विजेला वाट असली की मी ‘टीं’ करतो, नसली की गप्प. या एका कामावर मी उभा जन्म काढला.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्यासारखे शंभर भाऊ एका खोक्यात होते. माझ्या वाट्याला दुरुस्तीचं दुकान आलं आणि दुकानातली ताई. ती कुठे शिकायला गेली नव्हती. बिघडलेल्या वस्तूंनीच तिला शिकवलं. रेडिओ, मिक्सर, इस्त्र्या, आम्ही दोघांनी मिळून किती मार्गी लावल्या! गिऱ्हाईक तिचं कौतुक करी आणि ती माझ्याकडे बोट दाखवी. “हा खोटं बोलत नाही.” मी जरा फुशारलो होतो, हे कबूल करतो.

मग ड्रायव्हरकाकांचा, टीव्हीला जोडून खेळायचा गेमचा डबा आला.

काकांनी तीस वर्षं बस चालवली होती. निवृत्त झाले आणि उजव्या हातावरून वारं गेलं. येत्या चार महिन्यांत हात हलता ठेवा, नंतर अवघड आहे, असं डॉक्टरांनी बजावलं. पण काका मऊ चेंडू दाबायला तयार नव्हते. तो म्हणे बाळांचा खेळ. परदेशातल्या लेकीने तोड काढली. तिने स्टिअरिंगचं चाक आणि बस चालवायच्या गेमची डिस्क पाठवली. पण डिस्क तिकडची, डबा इकडचा. डबा तिला ओळखच देईना. दोघांत मध्यस्थी करायला नखाएवढी एक चिप बसवायची होती. सात तारा, त्या डब्यातल्या बोर्डाला धरून ठेवायला सोल्डरचे, म्हणजे वितळवलेल्या कथलाचे, सात टाके.

ताईने टाके घातले, बटण दाबलं. पडदा काळा.

मला बोलावणं आलं. ताईने एकेका टाक्यात सुई रोवली. टीं. टीं. सातही तारांची मी ग्वाही दिली. तिने चिप बदलली, पडदा काळाच. पुन्हा सात वेळा टीं. तिसऱ्या दिवशी तिने मला खणात टाकलं, सुकलेल्या गोंदाच्या सोबतीला. “तुझं वय झालं,” म्हणाली. मित्रांनो, फार लागलं. मी तर खरं तेच बोललो होतो.

त्याच दुपारी काका-काकू चौकशीला आले. खण अर्धा उघडा होता, म्हणून मला दिसलं. ताईने चहा दिला. काकूंनी काकांची उजवी बोटं कपाभोवती वळवली आणि वरून आपल्या मुठीत गच्च धरली.

“येतेय ना पकड?”

“येतेय की.”

काकूंनी हात सोडला आणि कप थेट जमिनीवर गेला. चहा कोमट होता, हे नशीब.

“तू धरलं होतंस तोवर येत होती,” काका खजील होऊन म्हणाले.

ताई फडकं घेऊन उठली आणि मध्येच थबकली. फडकं काकूंच्या हाती देऊन तिने मला बाहेर काढलं. या वेळी सुई रोवली नाही. माशी बसावी तशी नुसती टेकवली. चार तारा बोलल्या. पाचवीवर मी गप्प. तिने जोर दिला, टीं. जोर काढला, गप्प.

पाचवा टाका वरून चकचकीत होता, पण त्याने खाली बोर्डाला धरलंच नव्हतं. सुई दाबली की तार बोर्डाला टेकायची आणि मी इमानाने टीं करायचो. सुई उचलली की दोघांची फारकत. माझी साक्ष खरी होती, पण माझ्या दाबापुरती.

ताईने जागा खरवडून टाका नव्याने घातला. पडद्यावर बस उभी राहिली. काका चाकाशी बसले आणि एकट्या डाव्या हाताने वळणं घेऊ लागले. काकूंचा हात सवयीने त्यांच्या उजव्या हाताकडे गेला.

“काकू, दाबू नका,” ताई म्हणाली. “त्यांचं त्यांना कळू द्या.”

काकूंनी हात मागे घेऊन स्वतःच्या मांडीखाली ठेवला.

हॉर्नचं बटण काकांच्या उजव्या अंगठ्याशी होतं. अंगठा हलेना. बऱ्याच वेळाने हॉर्न वाजला, माझ्या टींपेक्षाही बारीक.

“पुढे गर्दी आहे,” काका पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. “वाजवावाच लागतो.” आणि त्यांनी तो परत वाजवला.

मित्रांनो, मी पुन्हा टेबलावर आहे आणि पूर्वीइतक्याच ठामपणे टीं करतो. तुम्ही कुणाची विचारपूस कराल तेव्हा हलक्या हाताने करा, आणि हात काढून घेतल्यावर काय उत्तर येतं, त्यासाठीही जरा थांबा. माझ्या पाठीची चिकटपट्टी सुटत आली आहे. ती मात्र चांगली दाबून लावा.