मोगरीच्या दोन थापा

मित्रांनो, सानगडीत भोजराजांच्या दारापुढं कडुनिंबाखाली एक पांढरी, बोनेटला पोपडे आलेली गाडी उभी असते. ती मी. वय विचाराल तर बावीस वर्षं. आमच्या जातीत या वयाला कुणी लांबच्या प्रवासाला विचारत नाही. पण मला अजून चार माणसं बसवून साकोलीचा बाजार गाठता येतो. आज मी चांगली धडधाकट आहे. तरी माझी हकीकत आनंदाची नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथं माझ्या मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी बसवली आणि टाकीच्या पोटात विजेवर चालणारा एक छोटा पंप सोडला. तुमच्या मुठीत मावेल एवढा. चावी फिरवली की तो दोन सेकंद हूंऽऽ असा आवाज करतो आणि पेट्रोल इंजिनाकडं ढकलतो. पेट्रोलात बुडून असला म्हणजे तो थंड राहतो. टाकी रिकामी असली की तापतो. माझ्या आयुष्यात पुढं जे घडलं ते या एवढ्याशा जिनसेमुळं घडलं.

पहिली दहा वर्षं मी नागपूरच्या एका डॉक्टरीणबाईंकडं होते. मग भोजराज मला घेऊन आले. धानाची शेती करणारा माणूस. चिखलात पाय घालायला मागंपुढं न पाहणारा. पण मला मात्र रोज फडक्यानं पुसायचे. त्यांच्या पत्नी कुंताबाईंनी मला हळदकुंकू लावलं, चाकापुढं नारळ फोडला आणि दुसऱ्याच दिवशी मागच्या सीटवर बसून म्हणाल्या, "आदी आंबागडले चाला जी. दादाले दाखवू."

आंबागडला त्यांचे थोरले भाऊ यादोराव राहायचे. बायको लवकर गेलेली, एक मुलगा वीरेंद्र. बहिणीवर या माणसाचा फार जीव. त्या दिवशी त्यांनी माझ्याभोवती तीन फेऱ्या मारल्या, टायरवर हात ठेवून पाहिला आणि बहिणीसाठी डिकीत लाखोरीच्या डाळीचं पोतडं ठेवलं. नंतर वर्षातून चारपाच वेळा तरी आमची आंबागडची फेरी व्हायची. तो रस्ता मला इतका पाठ झाला होता की कुठल्या वळणावर कुंताबाई केस सारखे करणार, तेही मी सांगू शकले असते.

पण माझं खाणंपिणं काही बरं नव्हतं. भोजराजांनी माझी टाकी कधी पुरती भरलीच नाही. शेजारी धनीरामच्या किराणा दुकानात बाटलीत पेट्रोल मिळायचं. कुठं जायचं असलं की एक बाटली ओतायची, दूर जायचं असलं तर दोन. बाटली कधी तेलाची, कधी फिनाइलची. तिच्या बुडाचा गाळ माझ्या पोटात जायचा आणि बिचारा पंप अर्धा उघडा पडून तापत राहायचा. यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. गावात सगळेच असं करतात.

दोन वर्षांपूर्वी पंपाचा सूर बदलला. हूंऽऽ च्या जागी घरघर सुरू झाली. मी चढाला अडखळू लागले, ऊन तापलं की रस्त्यात बसू लागले. हा बदल सर्वांत आधी कळला तो कुंताबाईंना, कारण टाकीच्या अगदी वर त्याच बसायच्या.

"आवाज बदलला जी गाडीचा. मांगून येते," त्या म्हणाल्या.

"तुले काय समजते गाडीतलं?" भोजराज हसून म्हणाले.

मग माझी बॅटरी बदलली. प्लग साफ झाले. हवेची जाळी झटकली. दुखणं पाठीला आणि लेप कपाळाला, असा प्रकार. मला तोंड असतं तर ओरडून सांगितलं असतं. एके दिवशी मी दारातच अडून बसले, तेव्हा धनीराम कुंताबाईंची कपडे धुवायची मोगरी घेऊन माझ्याखाली शिरला आणि टाकीला खालून दोन थापा दिल्या. अडकलेला पंप हिसका बसून फिरला आणि मी सुरू झाले! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही शहाणी, त्या टाळ्यांनी खूश झाले.

तिथंच घात झाला. मार खाऊन गाडी चालते म्हटल्यावर तिला मिस्त्रीकडं नेतो कोण? मोगरी कायमची डिकीत आली. पाहुण्यांना भोजराज कौतुकानं सांगायचे, "आमची गाडी दोन थापा खाल्ल्याबिगर उठत नाई." कुंताबाई तेवढ्या हसायच्या नाहीत. दोनदा, तीनदा म्हणाल्या, "लाखनीच्या मिस्त्रीले एकडाव दाखवून आना जी." भोजराज हो म्हणायचे. रोवणी आली, कापणी आली, जाणं राहून गेलं.

यंदा वैशाखात यादोरावांनी अंथरूण धरलं. एके सकाळी सातला वीरेंद्रचा फोन आला. "आत्याबाई, बाबा दाराकडंच पाहून राहिले. तुमचंच नाव घेते. लवकर या."

कुंताबाईंनी घाईघाईनं हातच्या शेवया दुधात शिजवल्या, डब्यात भरल्या. दात नसलेल्या भावाला तेवढंच गिळता यायचं. मग म्हणाल्या, "आज बसनं जाऊ जी. गाडीचा भरोसा नाई."

"घरची गाडी असतानी बस कायले?" भोजराजांनी दोन बाटल्या ओतल्या, दोन थापा दिल्या आणि आम्ही निघालो.

लाखनीच्या अलीकडं नऊ वाजता मी पहिल्यांदा बंद पडले. थापा बसल्या, चालू झाले, मैलभर गेले, पुन्हा थांबले. मित्रांनो, मी जीव तोडून प्रयत्न करत होते. प्रत्येक थापेनं थोडी चालत होते आणि भोजराजांना वाटत होतं, आता चालली. मी पहिल्याच खेपेला साफ मेले असते तर बरं झालं असतं. मोठ्या रस्त्यावरून भंडाऱ्याकडं जाणारी बस आली; आंबागडची वाट तिकडूनच. कुंताबाई दार उघडून उतरल्या. "मले बसवून द्या जी. तुमी मांगून या."

"पाच मिनिट थांब व. झालीच सुरू."

बस गेली. अर्ध्यापाऊण तासानं दुसरी आली, तीही गेली. डबा मांडीवर धरून कुंताबाई तापलेल्या सीटवर बसून राहिल्या. शेवटी मी थापांनाही जुमानेना, तेव्हा एका ट्रॅक्टरला दोर बांधून मला लाखनीच्या जीवन मिस्त्रीकडं ओढत नेलं. साडेअकरा वाजले होते.

जीवन जवान पोरगा, बोलायला कमी. त्यानं बोनेट उघडण्याआधीच मागची सीट उचलली आणि टाकीच्या झाकणाला कान लावला. "काका, चावी फिरवा. चालू नका करू, नुसती फिरवा." काहीच आवाज आला नाही. त्यानं फ्यूज पाहिला, तो चांगला होता. हॉर्नचा रिले, म्हणजे करंट जोडणारी डबी, काढून पंपाच्या रिलेच्या जागी बसवला, तरी शांतता. मग पंपाच्या जोडाला दोन वायरींचा छोटा बल्ब लावला. चावी फिरताच बल्ब पेटला. "करंट येऊन राहिला. पंपच गेला," तो म्हणाला. सगळं मिळून पाव तासही लागला नसेल. दोन वर्षं जे कुणाला सापडलं नाही, ते पाव तासात सापडलं.

त्यानं पंप बाहेर काढला. तळाला काळा गाळ, तोंडाची जाळी बुजलेली, तारा तापून करपलेल्या. तळहातावर घेऊन तो म्हणाला, "हे एका दिवसाचं काम नाई काका. वर्षभरापासून सांगून राहिला असन हा. कोनं आयकला नाई?"

कुंताबाईंनी भोजराजांकडं पाहिलंसुद्धा नाही. तेवढ्यात कुंताबाईंचा फोन वाजला. वीरेंद्र होता. त्यांनी फोन कानाला लावला, ऐकला आणि खाली ठेवला. मग डब्याचं झाकण दाबून बसलंय का ते पाहिलं. रडल्या नाहीत. "चाला," एवढंच म्हणाल्या आणि उन्हात रस्त्याकडं चालू लागल्या.

मी जीवनच्या शेडमध्ये राहिले. पाच दिवसांनी भोजराज एकटेच मला न्यायला आले. नवा पंप बसला होता. जीवननं विचारलं म्हणून ते बोलले. "बारा वाजेलोक शुद्धीवर होता म्हनते. पयल्या बसनं पाठवलो असतो तं भेटली असती." मग त्यांनी माझ्या स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. माझ्या पोटात नवा पंप होता, टाकी बारा वर्षांत पहिल्यांदाच गळ्यापर्यंत भरलेली होती, आणि मला एवढी लाज कधीच वाटली नव्हती.

मित्रांनो, यंत्राला जपा, त्याला वेळेवर तेलपाणी करा, हे तर मी सांगेनच. पण घरातलं कुणी माणूस म्हणालं की आवाज बदललाय, तर हसू नका. त्याच दिवशी उठा आणि कान लावा. जोडाला बल्ब लावायला पाव तास लागतो.

तेरवीला दोघं बसनंच गेले आणि बसनंच आले. आता भोजराज मला दर आठवड्याला सुरू करून पाहतात. काल कुंताबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. भोजराजांनी चावी फिरवली, काच खाली केली आणि हळूच म्हणाले, "कुंता, आयक. आता कसा साफ वाजते. चाल, जेथी म्हनशीन तेथी नेतो."

कुंताबाईंनी ऐकलं. खरंच, नीट कान देऊन ऐकलं. मग सूप उचलत म्हणाल्या, "चांगला वाजते जी. पन मले आता कोनाकडं जाचं हाये?"

आणि त्या घरात गेल्या.